फाइलचं मुक्काम पोस्ट

१९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्धा शहर सोडून जवळच्याच सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. खेडं एवढंसं, पण तिथे येणारं टपाल देशभरातलं आणि समुद्रापलीकडचंही. घोळ असा, की मुंबई-नागपूरच्या त्याच लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून नांदत होतं. इंग्रजीत लिहिताना दोन्ही नावांत फरक एका अक्षराचा. पत्रं भलत्या गावी जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आज ते नाव ऐकलं की आश्रम आठवतो, प्रार्थना आठवते. पण नाव बदलण्याची घाई टपालामुळे झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नावांच्या या घोळाची वर्धा जिल्ह्याला सवयच आहे म्हणा. जिल्ह्यात आठ तालुके: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. त्यांतलं सेलू परभणी जिल्ह्यातही आहे, आष्टी बीडमध्येही आहे आणि कारंजा वाशिममध्येही. म्हणून इथलं ते कारंजा (घाडगे) आणि तिथलं ते कारंजा (लाड). आष्टीचं नाव १९४२ च्या आंदोलनानंतर लोक ‘शहीद आष्टी’ असंच घेतात, त्यामुळे तिची ओळख पटायला कंस लागत नाही. खुद्द ‘वर्धा’ म्हटलं तरी शहर, तालुका, जिल्हा की नदी, हे पुढच्या वाक्यावरून समजून घ्यावं लागतं.

या सगळ्यावर टपाल खात्याने काढलेला तोडगा म्हणजे पिनकोड. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे जाणते लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्याची आखणी केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशात सुरू झाला. सेवाग्रामचा पिन ४४२१०२, शेगावचा ४४४२०३. पहिले दोन आकडे सारखे, म्हणजे दोन्ही पाकिटं विदर्भाच्या दिशेने निघणार. तिसऱ्या आकड्याला वाटा फुटतात, एक वर्ध्याकडे आणि एक पश्चिम विदर्भाकडे. शेवटचे तीन आकडे थेट टपाल कार्यालय सांगतात. गावाचं नाव वाचलं नाही तरी पाकीट पोचतं.

संगणकातली प्रत्येक फाइल अशाच पत्त्यावर राहते. आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग आतला फोल्डर आणि शेवटी फाइलचं नाव. ‘अर्ज’ नावाच्या दोन फाइली दोन वेगळ्या फोल्डरांत सुखाने राहतात, कारण पूर्ण पत्ता वेगळा असतो. यात संगणकाचा गोंधळ कधीच होत नाही. होतो तो आपला, कारण आपण पत्ता लिहितच नाही. टाइप करतो, कंट्रोल-एस दाबतो, नाव देतो आणि निघतो. तहसील कार्यालयाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहा, ऐकू येईलच: “काल इथीच तं सेव केली होती जी! कुठी गेली?”

गेलेली कुठेच नसते. जिथे जायचं ठरलं होतं तिथेच जाऊन बसलेली असते. फक्त ते ठरवलेलं दुसऱ्या कुणीतरी, आणि आपल्याला न विचारता. वर्डसारख्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ही ठरलेली जागा आपल्याला बदलता येते. दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांची उपजीविका टायपिंगवर चालते अशांपैकीही बहुतेकांनी ते कधी केलेलं नसतं, म्हणून हे प्रकरण.

ती जागा मुळात ठरली कशी, ते आधी पाहू. १९८१ मध्ये पहिला डॉस आला तेव्हा त्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपी घातली की तीच जागा. दुसरं काम असेल तर दुसरी फ्लॉपी. १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला संगणक आणि त्याच्या जोडीला डॉसची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा फोल्डरात फोल्डर करायची सोय झाली. गरजच होती, एका डिस्कवर शेकडो फाइली मावायला लागल्या होत्या. पुढे विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक आयकॉनच्या गुणधर्मांत ‘वर्किंग डिरेक्टरी’ नावाची एक ओळ असे. तिथे जे लिहिलेलं असेल त्या फोल्डरात प्रोग्रॅम उघडे आणि फाइल तिथेच पडे. कित्येकांची पत्रं तेव्हा प्रोग्रॅमच्याच फोल्डरात, त्याच्या आतल्या यंत्रसामग्रीत मिसळून राहायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘माय डॉक्युमेंट्स’ आलं आणि विंडोज ९८ पासून ते घरोघरी दिसू लागलं. विंडोज व्हिस्टाने त्यातलं ‘माय’ काढलं आणि तो फोल्डर सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मध्ये, तुमच्या लॉगिनच्या नावाखाली नेऊन ठेवला. अलीकडे त्याच्याही पुढची पायरी आली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल, तर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे दोन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीच्या, पोटात जाऊ शकतात. २०२५ मध्ये तर कंपनीने विंडोजवरच्या वर्डसाठी असा बदल जाहीर केला, की नवी फाइल आपोआप क्लाउडमध्येच तयार होईल.

या सगळ्या रचनेमागे एक गृहीतक आहे. संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाचं आपलं लॉगिन असेल आणि आपल्या नावाच्या फोल्डरात तो आपले कागद ठेवील. गृहीतक चांगलं आहे, फक्त आपल्याकडचं नाही. आपल्या कार्यालयांत एक संगणक, एकच लॉगिन, त्याचं नाव ‘ॲडमिन’ किंवा दुकानदाराने टाकलेलं काहीतरी, आणि त्यावर सकाळी एक, दुपारी दुसरा बसतो. सगळ्यांचे डॉक्युमेंट्स एकच. त्यात ग्रामसभेचा ठराव, कुणाच्या मुलीचा बायोडेटा, विहिरीच्या अनुदानाची यादी आणि लग्नपत्रिकेचा मसुदा एका रांगेत.

आपल्याकडची दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संगणक हळू चालायला लागला, व्हायरस शिरला, विंडोज सुरू होईना, की तो दुकानात जातो आणि तिथे त्याला ‘फॉरमॅट मारतात’. म्हणजे सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकतात. भला दुकानदार आधी विचारतो, “सी मध्ये काही महत्त्वाचं आहे का?” आपण म्हणतो, “नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे.” इथेच घात होतो. डेस्कटॉप ही काही पडद्यावरची वेगळी जागा नाही. तोही एक फोल्डरच आहे आणि तो सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्सच्या शेजारी राहतो. फॉरमॅट झाला की दोघेही जातात. म्हणून आपल्याकडे लेखनाची ठरलेली जागा डी ड्राइव्हवर नेण्याला एक फार साधं, रोकडं कारण आहे. इंग्रजी पुस्तकांत ते सहसा सापडत नाही, कारण त्यांच्याकडे दर दोन वर्षांनी फॉरमॅट मारायची रीत नाही.

एवढं मात्र लक्षात असू द्या: डी ड्राइव्ह बहुतेक वेळा त्याच डिस्कचा दुसरा तुकडा असतो. फॉरमॅटपासून तो वाचवतो. डिस्कच बंद पडली तर दोघांची गत एकच. त्यासाठी वेगळी प्रत वेगळ्या यंत्रावर हवीच. नव्या लॅपटॉपांत तर पुष्कळदा एकच सी ड्राइव्ह असतो. तिथे डिस्क विभागण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा प्रत काढण्याची सवय लावलेली बरी.

आता प्रत्यक्ष कृती. आधी फाइल एक्सप्लोररमध्ये डी ड्राइव्ह उघडून एक फोल्डर करा. नाव साधं ठेवा. ‘चालू’ हे मला सगळ्यांत आवडतं, कारण पुढे सांगतो. मग वर्ड उघडा. वर डाव्या कोपऱ्यात ‘फाइल’, त्यात अगदी खाली ‘ऑप्शन्स’, त्याच्या डावीकडच्या यादीत ‘सेव्ह’. उजवीकडे ‘डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’ अशी एक ओळ दिसेल आणि तिच्यापुढे सी ड्राइव्हचा लांबलचक पत्ता. शेजारचं ‘ब्राउझ’ दाबून आपला ‘चालू’ फोल्डर निवडा. आता थांबायचं नाही. त्याच पानावर ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ असा एक चौकोन आहे, त्यात खूण करा. ती केली नाही आणि तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल, तर वर्ड आधी वनड्राइव्हच पुढे करतो आणि तुम्ही निवडलेली जागा मागच्या दारात उभी राहते. ज्यांच्या वर्डमध्ये नवी फाइल आपोआप क्लाउडमध्ये तयार करण्याचा पर्याय आला आहे, त्यांनी तोही याच पानावर पाहून घ्यावा. मग ओके.

काहींना हाच बदल दुसऱ्या वाटेने करायची सवय असते: ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, तिथे पार तळाशी ‘जनरल’मध्ये ‘फाइल लोकेशन्स’चं बटण. ही वाट जुनी आहे आणि जास्त सांगणारी आहे. तिथे एकट्या डॉक्युमेंट्सचा पत्ता नसतो. नमुने कुठे ठेवले जातात, वीज गेली तर वाचवलेल्या प्रती कुठे जातात, तेही सगळं एका खिडकीत दिसतं. एकदा नुसतं पाहून यायला हरकत नाही.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, त्यात ‘लिब्रेऑफिस’ आणि त्याखाली ‘पाथ्स’ उघडायचं. यादीत ‘माय डॉक्युमेंट्स’ ही ओळ निवडून ‘एडिट’ दाबलं की फोल्डर बदलता येतो. चुकलं तर तिथेच ‘डिफॉल्ट’ नावाचं बटण आहे, ते मूळचा पत्ता परत आणतं. लिब्रेऑफिस फुकट आहे, २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं आणि शाळा-पंचायतींसाठी पुरेसं आहे. त्याच्याकडे लोक वळत नाहीत याचं कारण सवय, एवढंच मला दिसतं. गुगल डॉक्सचा या प्रकरणाशी संबंध नाही. तिथे फाइल तुमच्या संगणकावर नसतेच, ती ‘माय ड्राइव्ह’मध्ये जन्मते.

वर्डमध्ये केलेला बदल वर्डपुरताच असतो. एक्सेलला तो कळत नाही. एक्सेलमध्येही ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ असंच जावं लागतं, पण तिथे ‘ब्राउझ’चं बटणच नाही, पत्ता हाताने टाइप करावा लागतो. एकाच कंपनीचे दोन प्रोग्रॅम, एकाच नावाची सोय, आणि एकात बटण आहे, दुसऱ्यात नाही. का, ते विचारू नका. सोपा उपाय असा: फाइल एक्सप्लोररमध्ये डी ड्राइव्हवरच्या फोल्डरवर जायचं, वरच्या पट्टीवर टिचकी मारायची, दिसलेला पत्ता कॉपी करून एक्सेलच्या त्या चौकोनात चिकटवायचा.

सगळ्याच प्रोग्रॅमांना एकदम वळवायचं असेल तर मुळावरच काम करावं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘डॉक्युमेंट्स’वर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘लोकेशन’, तिथे ‘मूव्ह’. डी ड्राइव्हवरचा फोल्डर दाखवला की विंडोज विचारतं, जुन्या फाइलीही तिकडे हलवू का? हो म्हणा. यानंतर नाव ‘डॉक्युमेंट्स’च राहतं, पण ते राहतं डी ड्राइव्हवर. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्सचा ताबा घेतलेला असेल तर आधी त्याच्या सेटिंगमधला बॅकअप बंद करावा लागतो, नाहीतर दोघांची ओढाताण सुरू होते. मला स्वतःला हीच पद्धत जास्त पसंत आहे, पण कार्यालयात संगणक आपल्या मालकीचा नसेल तर वर्डपुरता बदल करून गप्प बसावं. माहीतगार लोकांना विचारल्याशिवाय मुळाला हात लावू नये.

सेटिंग बदललं म्हणजे जुन्या फाइली आपणहून चालत येतील, असं मात्र नाही. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला तेव्हा त्याचं मुख्यालय पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आलं आणि तिथे आजचं वर्धा शहर वसलं. मुख्यालय हलल्याचा हुकूम एका दिवसात निघतो, दप्तर मात्र बैलगाडीत घालून आणावं लागतं. वर्डचं सेटिंग हा तसा नुसता हुकूम आहे. तो नव्या फाइलींना लागू होतो. जुन्या तुम्हालाच हलवाव्या लागतात.

आणखी तीन ठिकाणी हा हुकूम चालत नाही, आणि ‘सेटिंग केलं तरी फाइल सापडत नाही’ ही तक्रार बहुधा त्या तिघांतूनच येते. पहिलं, आधीपासून असलेली फाइल. ती ज्या फोल्डरातून उघडली तिथेच ती पुन्हा सेव्ह होते, आणि ‘सेव्ह ॲज’ केलं तरी खिडकी आधी तोच फोल्डर दाखवते. दुसरं, बाहेरून आलेली फाइल. तालुक्याच्या कार्यालयाने व्हॉट्सॲपवर माहितीचा तक्ता पाठवला, तुम्ही तो ब्राउझरमधून उतरवून वर्डमध्ये भरला, कंट्रोल-एस दाबलं. तो ‘डाउनलोड्स’मध्ये पडून आहे, कारण ब्राउझरची ठरलेली जागा वेगळी आणि वर्डची वेगळी. आउटलुकमधून जोडपत्र थेट उघडून त्यावरच काम केलं तर प्रकरण जास्त अवघड होतं. ती प्रत एका लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरात असते आणि तिथे फिरकायचं आपल्याला सुचतही नाही. त्यामुळे बाहेरून आलेली फाइल उघडली की पहिलं काम म्हणजे एफ १२ दाबायचं. वर्डमध्ये त्याने ‘सेव्ह ॲज’ची खिडकी थेट उघडते. फाइल आपल्या फोल्डरात घ्यायची आणि मगच भरायला बसायचं.

तिसरं ठिकाण म्हणजे वीज. हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या उन्हाळ्यात दुपारी वीज जाणं म्हणजे बातमी नव्हे. मूळच्या सेटिंगप्रमाणे वर्ड दर १० मिनिटांनी चालू कामाची एक प्रत बाजूला ठेवतो, पण ती तुमच्या ‘चालू’ फोल्डरात नसते. ती सी ड्राइव्हवरच्या ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात जाते, आणि डिफॉल्ट जागा बदलली तरी तिचा पत्ता बदलत नाही. वीज परत आल्यावर वर्ड उघडलं की तो बहुधा स्वतःच ती प्रत दाखवतो. न दाखवली तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’मध्ये न सेव्ह केलेल्या फाइली शोधायचा पर्याय आहे. त्या ‘सेव्ह’च्या पानावर १० चे ५ करून ठेवा. संगणकावर त्याचा भार जाणवत नाही.

आता ‘चालू’कडे येतो. लोक डिफॉल्ट जागा म्हणून फार खोलातला फोल्डर निवडतात: कार्यालय, त्यात २०२५-२६, त्यात पत्रव्यवहार, त्यात जावक. दिसायला व्यवस्थित. पण मग प्रत्येक नवी फाइल, मग तो घरकुलाचा प्रस्ताव असो की सभेची नोटीस, जावकमध्येच पडते. आणि १ एप्रिल उजाडला की प्रत्येक संगणकावर जाऊन सेटिंग बदलायचं राहून जातं. नव्या वर्षाचे कागद जुन्या वर्षात साठत जातात. त्यापेक्षा डिफॉल्ट फोल्डर म्हणजे आवक-जावक टेबलावरचा ट्रे समजावा. सगळं नवं आधी तिथे. शनिवारी किंवा जमेल तेव्हा वाटणी. वर्ष बदललं तरी ‘चालू’चा पत्ता तोच राहतो.

वाटणी कशी करायची याचा धडा महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत आधीपासून आहे. त्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. लिपिकाच्या टेबलाजवळचे कागद सहा गठ्ठ्यांत: प्रलंबित प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणं, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. अभिलेख कक्षात पुन्हा अ, ब, क, ड असे वर्ग. ‘अ’ कायमचा, ‘ड’ सगळ्यांत आधी जाणारा. ही पद्धत ज्याने आखली त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: कागद विषयाने लावण्याआधी त्याचं पुढे काय करायचं आहे, त्यावर लावावा. संगणकावर आपण उलट करतो. विषयाचे वीस फोल्डर, आणि टाकाऊ मसुदे सगळ्यांत सारखे विखुरलेले. सहाच्या सहा फोल्डर केले नाहीत तरी ‘चालू’, ‘पाठवलेलं’, ‘कायम’ आणि ‘टाकायचं’ एवढे चार करून पाहा.

खोली वाढवण्यातही धोका आहे. जुन्या विंडोज प्रोग्रॅमांना पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपुरताच झेपतो, फाइलचं नाव धरून. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, योजना, वर्ष, हप्ता असे फोल्डर एकात एक रचले आणि त्यात फाइलला पूर्ण विषयाचं नाव दिलं, तर ती मर्यादा कधी ओलांडली जाते कळतही नाही. मग फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा पेन ड्राइव्हवर उतरत नाही.

नावाचं दुसरं दुखणं खास आपल्या कार्यालयांचं आहे. जावक क्रमांकात तिरक्या रेघा असतात: ग्रापं/आस्था/४५/२०२५ वगैरे. आणि विंडोज फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालू देत नाही, त्यात दोन्ही तिरक्या रेघा, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ येतात. म्हणजे आपला पूर्ण जावक क्रमांक फाइलला देता येत नाही आणि १२/०३/२०२५ अशी तारीखही देता येत नाही. मग लिपिक वैतागून ‘पत्र नवीन’, ‘पत्र नवीन २’, ‘पत्र फायनल’, ‘पत्र फायनल खरं’ अशी नावं देत सुटतो. तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ घातली की प्रश्न मिटतो. तारीख मात्र उलटी लिहावी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मग नावाप्रमाणे लावलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने उभ्या राहतात. आकडे एका लिपीत ठेवा. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच फोल्डरात मिसळले की क्रमाचा भरवसा राहत नाही.

तारीख फाइल स्वतःच दाखवते की, असं कुणी म्हणेल. दाखवते, पण तिच्यावर विसंबू नये. फाइल दुसरीकडे कॉपी केली की ‘तयार झाल्याची तारीख’ कॉपीच्या दिवसाची होते आणि ‘बदलल्याची तारीख’ जुनीच राहते. म्हणजे कागदोपत्री फाइल जन्मण्याआधीच तिच्यात दुरुस्ती झालेली असते! गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतले १०० खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले. त्यातली पत्रं, भाषणं, तारा सगळं तारखेच्या क्रमाने लावलेलं आहे, विषयाच्या नाही. ज्या पत्रावर तारीख नव्हती तिथे संपादकांनी मजकुरावरून ती शोधून काढली आणि ती आपली आहे हे कळावं म्हणून चौकोनी कंसात घातली. सेवाग्रामहून लिहिलेल्या हजारो पत्रांवर हे काम करायला किती डोळे लागले असतील! आपल्या फाइलवर तारीख आपणच घालून ठेवली तर पुढच्या माणसाला तो कंस घालत बसावं लागणार नाही.

आता जुन्या फाइलींपाशी एक अडचण उरते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेला असतो तो रोमन अक्षरांच्या खुणांचा. अशा फाइली असलेल्या संगणकावर तुम्ही शोधखिडकीत ‘शेतकरी’ लिहिलं तर त्यातली एकही वर येत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्यांत तो शब्द नाहीच. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइली मात्र आतल्या शब्दावरून सापडतात. वर्ध्याच्या कुठल्याही जुन्या डीटीपी केंद्रात किंवा वकिलाच्या कार्यालयात वीस वर्षांचा मजकूर जुन्या फाँटात पडलेला असतो. तिथे फाइलची जागा आणि फाइलचं नाव एवढेच दोन धागे हाताशी असतात. जागा चुकली आणि नाव ‘नवीन १’ असलं, की ती फाइल डिस्कवर असूनही नसल्यात जमा.

पेन ड्राइव्हला डिफॉल्ट जागा करणारेही भेटतात. करू नये. आज तो ‘ई’ म्हणून लागतो, उद्या दुसरा आधीच लावलेला असला की ‘एफ’ होतो, आणि वर्डला आपला पत्ता सापडत नाही. पेन ड्राइव्ह प्रत ठेवण्यासाठी ठीक, राहण्यासाठी नाही.

सार्वजनिक संगणकांची गोष्ट वेगळी. टायपिंग संस्थांत, प्रशिक्षण केंद्रांत आणि काही सायबर कॅफेंत सी ड्राइव्ह ‘गोठवलेला’ असतो. संगणक पुन्हा सुरू केला की तो काल होता तसाच होतो. तिथे डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली फाइल वीज गेली तरी संपते, आणि तुम्ही बदललेलं सेटिंगही तिच्याबरोबर जातं. अशा ठिकाणी डिफॉल्टच्या भानगडीत न पडता काम झालं की फाइल स्वतःला ईमेलने पाठवावी. उलट, ज्या कॅफेत ड्राइव्ह गोठवलेला नसतो तिथे डॉक्युमेंट्स उघडून पाहिला तर आधीच्या गिऱ्हाइकांचे बायोडेटा, जातीच्या दाखल्याचे अर्ज, आधारच्या प्रती, बँकेची पासबुकं रांगेने पडलेली दिसतात. प्रत्येकाने कंट्रोल-एस दाबलं, प्रिंट घेतली, पैसे दिले आणि गेला. आपली फाइलही त्या रांगेत राहते. उठण्याआधी ती पुसायची आणि नंतर रिसायकल बिनही रिकामा करायचा. नुसतं पुसल्याने ती एका फोल्डरातून निघून दुसऱ्यात जाते एवढंच.